रावसाहेबांची जात

आमच्या आत्याने लग्न केलं नाही. त्यामुळे कुणाला तरी 'अहो' म्हणायची हौस राहून गेली आणि ती तिने कुत्र्यावर भागवली, असं आमच्या घरात गमतीने म्हणतात. कुत्र्याचं नाव रावसाहेब. "रावसाहेब, उठा." "रावसाहेब, पाय पुसून आत या." रावसाहेब काळेभोर, रुंद छातीचे, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, आणि डोकं एवढं मोठं की जिन्यात समोरून आले की आधी डोकंच येतं, बाकीचे सावकाश मागून येतात. जातीने रॉटवायलर. हा शब्द आत्याला आजवर धड उच्चारता आलेला नाही. कुणी विचारलं की ती सांगते, "काय ते, रोटावेटर."

आत्या नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी इमारतीत सगळे तिला सिस्टरच म्हणतात. वॉर्डात तिचा एक नियम होता. पेशंट लहान असो की मोठा, त्याला अहो-जाहोच करायचं, आणि मदतीला असेल त्याला अरे-तुरे. घाबरलेल्या जिवाला अरे-तुरे केलं की तो आणखी घाबरतो, असं तिचं म्हणणं.

रावसाहेब आले तेव्हा घाबरलेलेच होते. एका गोदामवाल्याने त्यांना राखणीसाठी आणलं होतं. आखूड साखळीने बांधायचं, कुणी अंगावरून हात फिरवायचा नाही, खाणं लांबून काठीने सरकवायचं, म्हणजे कुत्रं तापट होतं, ही त्या माणसाची अक्कल. रावसाहेब तापट झाले नाहीत, नुसते वाळले. शेवटी चोर आले तेव्हा ह्यांनी होती नव्हती तेवढी शेपटी हलवली म्हणे. 'ह्याच्यात काही दम नाही' म्हणून गोदामवाला त्यांना जनावरांच्या दवाखान्यात सोडून गेला, आणि तिथून आत्या त्यांना घेऊन आली.

मी मोटार शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग आणि माझा पाय ब्रेकवर. स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात, तर त्यांनी एकदा माझ्या जागी बसून, शेजारी शिकाऊ माणूस घेऊन चौकातून जाऊन दाखवावं. सांगायचं कारण एवढंच, की आत्यावर तक्रार झाली हे कळलं तेव्हा माझा पारा एकदम चढला आणि क्लास बंद करून मी तिच्याकडे गेले.

झालं होतं ते असं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावरचा दिवा गेला होता. इमारतीचे सेक्रेटरी मोठे कामसू. कुणाला बोलावणार नाहीत, स्वतःच स्टूल घेऊन दिवा बदलायला चढले. आत्या आणि रावसाहेब फिरून वर येत होते. तेवढ्यात स्टूल कललं. आत्या ओरडली. रावसाहेब पुढे झेपावले आणि त्यांनी सेक्रेटरींची बाही दातात पकडून भिंतीकडे ओढलं. सेक्रेटरी जिन्यावरून गडगडत खाली जायच्याऐवजी वळणावरच आपटले. बाही फाटली, कोपराखाली दात लागले. आवाजाने दारं उघडली आणि दारं उघडणाऱ्यांना काय दिसलं, तर जमिनीवर पडलेले सेक्रेटरी आणि त्यांचा हात रॉटवायलरच्या तोंडात. तो हात मग आत्यानेच धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"सोडा म्हटलं तर लगेच सोडलं त्यांनी," आत्या मला म्हणाली. "इतक्या हळू धरलं होतं, खरंच. पण दात ते दातच."

"सेक्रेटरी काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? दिव्याकडे तोंड होतं त्यांचं. दिसलं काहीच नाही, नुसतं लागलं."

तक्रार त्यांनी केलीच नव्हती. ती केली होती त्यांच्या मुलाने. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो रोज व्यायामशाळेत जातो आणि बाह्या आखूड असलेलेच शर्ट घालतो. आत्याने त्याला लहानपणी धनुर्वाताची इंजेक्शनं दिली आहेत. तेव्हा त्याचं रडणं तळमजल्यापर्यंत ऐकू जायचं. हा पैलवान आता घरोघरी फिरून मोबाइलवर ह्या जातीच्या चावऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ दाखवत होता. "मी बाबांच्या मदतीला होतो, पण तेव्हा पक्कड आणायला घरात गेलो होतो. आलो तर हे जनावर बाबांना लोंबकळतंय. ही जातच तसली. विश्वास नाही ठेवायचा."

आता ह्या जातीच्या जबड्यात ताकद आहे, चावली तर टाके पडतात, हे मी नाकारत नाही. पण पहिल्या मजल्यावर प्रोफेसरीणबाईंचा कापूस आहे, पांढराशुभ्र, मांडीत मावणारा. त्याने पेपरवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या घोट्यांची चव घेतली आहे. तो चावला की बाई म्हणतात, "लाडात आलाय गं." त्याची बातमी होत नाही, व्हिडिओ निघत नाही, आणि त्याची जात कोणती हे कुणी विचारतही नाही. उलट ज्याला लोकांना भिववायचं असतं तो मुद्दाम रावसाहेबांची जात शोधून आणतो, बांधतो, डिवचतो, आणि त्यातला एखादा उलटला की नाव त्या एकट्याचं खराब होत नाही, सगळ्या जातीचं होतं. मला ह्याची मनस्वी चीड येते.

रविवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभा होती. ठराव एकच, कुत्रं इमारतीतून हलवावं. हलवावं म्हणजे कुठे, ते कुणी बोलत नव्हतं. माझ्या घरमालकाला पोपटसुद्धा चालत नाही. म्हातारा रॉटवायलर कोण घेणार? पुन्हा एखादं गोदामच. आत्याने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. रावसाहेबांना तिने घरात ठेवलं होतं आणि त्यांची सतरंजी उन्हात घालून झटकून पुन्हा जागेवर अंथरली होती.

सभेत आधी प्रोफेसरीणबाई बोलल्या. "मला सिस्टरबद्दल आदरच आहे. पण मी माझ्या कानांनी ऐकलंय. सिस्टर ओरडत होत्या, 'धर! अरे, धर ना!' आणि कुत्र्याने धरलं."

"मीपण ऐकलं," चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले. आणखी दोघातिघांनी माना हलवल्या. पैलवान हाताची घडी घालून मागे खांबाला टेकून उभा होता.

मी तयारी करून आले होते. माझ्या धंद्यात शब्दाला फार जपावं लागतं. एका मुलीला मी क्लचबद्दल नुसतं 'सोड' म्हणाले आणि तिने स्टेअरिंग सोडलं. तेव्हापासून काय धरायचं नि काय सोडायचं ते मी नाव घेऊन सांगते. म्हणून मी उठून म्हणाले, "बरोबर आहे, आत्या 'धर' म्हणाली. पण धर म्हणजे चाव नव्हे. पडणाऱ्या माणसाला धर. तिने सांगितलं, कुत्र्याने ऐकलं, म्हणून तर आज सेक्रेटरी इथे बसलेत."

मला वाटलं, मी बाजी मारली. तर पैलवान मागून म्हणाला, "म्हणजे सांगितलं की धरतं, हे कबूल. आज बाबांना धरलं, उद्या सिस्टरचं इथल्या कुणाशी भांडण झालं तर?" लोकांत कुजबुज सुरू झाली आणि मी बसले. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारे रोज पाहते, त्या दिवशी मीच दाबला.

सेक्रेटरी समोरच खुर्चीवर बसले होते. हाताला पट्टी होती. ते आत्याकडे वळले.

"सिस्टर, एक विचारू? तुम्ही 'अरे' कुणाला म्हणालात?"

आत्या वाकून पायातली चप्पल सरळ करू लागली.

"नाही, म्हणजे मी रोज जिन्यात ऐकतो ना. 'रावसाहेब, सरका, सेक्रेटरींना वाट द्या.' कुत्र्याला तुम्ही कधी अरे म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. त्याला म्हणाला असतात तर 'धरा' म्हणाला असतात."

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी तिची सख्खी भाची. लहानपणापासून तिचं बोलणं ऐकत आले, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांनी 'धर' ऐकलं, मोठं काळं डोकं पाहिलं, आणि तो शब्द कुत्र्याला चिकटवून टाकला. मीसुद्धा. अरे म्हणायला तिथे माणूस हवा होता. मदतीला उभा असलेला, तिच्या हाताखाली वाढलेला, स्टूल धरायचं काम ज्याच्याकडे होतं तो. मी वळून खांबाकडे पाहिलं. पैलवानाच्या हातांची घडी सुटली होती.

आत्यानेही तिकडे पाहिलं, अगदी क्षणभर. मग ती सेक्रेटरींना शांतपणे म्हणाली, "घाबरले होते हो मी. तोंडातून गेलं काहीतरी. कुत्र्यालाच म्हटलं."

मी उठणार, तेवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. म्हातारीच्या हातात अजून वॉर्डातली ताकद आहे. ती सरळ खोटं बोलत होती. बापाला आपल्या मुलाबद्दल हे चारचौघांत कळू नये म्हणून ती रावसाहेबांवर पाणी सोडायला तयार झाली होती. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मी मूग गिळून बसले. कुत्रा तिचा होता. बोलायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं होतं.

"बरं," सेक्रेटरी म्हणाले. "मग मत घेऊ. कुत्रं हलवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

प्रोफेसरीणबाईंचा हात वर गेला. आजोबांचा गेला. इकडून तिकडून हात येत गेले. मोजायची गरजच नव्हती. आत्या मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

"तुझा रे?" सेक्रेटरींनी खांबाकडे बघून विचारलं. "ठराव तुझा आहे."

पैलवानाने हात वर केला नाही. तो खांबापासून पुढे आला. मग तो म्हणाला, "बाबा, मी तिथेच होतो."

"पक्कड आणायला गेला होतास ना?"

"नव्हतो गेलो. स्टूल धरून मोबाइल बघत होतो. कललं तेव्हा घाबरलो आणि मागे सरकलो. सिस्टर मला म्हणत होत्या. मला म्हणाल्या, धर."

त्याचा चेहरा लहानपणी इंजेक्शनच्या वेळी होत असणार तसाच झाला होता. मला त्याची दया आली. तासाभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भित्रेपणा कुणाचाही होतो. ह्याचं नशीब एवढंच, की शेजारी एक बदनाम जबडा आयता उभा होता. सगळा दोष त्या जबड्यात ठेवून दिला की कुणी दुसरं काही शोधत नाही. तिथे कापूस असता तर लोकांनी आधी विचारलं असतं, स्टूल कोण धरून होतं?

हात एकेक करून खाली आले. प्रोफेसरीणबाई पदराशी चाळा करत बसल्या.

"ठराव नामंजूर," सेक्रेटरी म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "पुढचा विषय, पाण्याची टाकी." आणि टाकीचा विषय त्यांनी शेवटपर्यंत नेला, कोण कधी धुणार, बंद कधी ठेवणार, सगळं. मुलाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

सभा उठली. मला आनंदाने आत्याला मिठी मारायची होती, पण तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी हात खाली घेतले. रावसाहेब राहणार होते, आणि तरी ती रडत होती.

जिना चढायला लागलो तेव्हा सेक्रेटरी आमच्या पुढे होते. त्यांना अजून हळूहळूच चढावं लागत होतं. पैलवान भराभर मागून आला आणि त्याने वडिलांच्या चांगल्या हाताखाली हात घातला.

"राहू दे," ते म्हणाले. रागाने नाही, एखाद्या परक्या माणसाला म्हणावं तसं. "कठडा आहे." आणि त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

पैलवान गेला नाही. वडील एक पायरी चढले की तो एक पायरी चढायचा, त्यांना स्पर्श न करता, बरोबर एक पायरी खाली. दोन्ही हात पुढे धरलेले. तिसरा मजला येईपर्यंत त्याने ते खाली घेतले नाहीत.