हवालदाराचा हातपंप

त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसखात्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कारखान्यांच्या रस्त्यावर तो उभी हयात ट्रकच्या चाकांत हवा भरत आला होता, एवढंच. आता त्याच रस्त्यावरून ट्रक हद्दपार झाले होते. त्यांना गावाबाहेरून वळणरस्ता मिळाला आणि इथे आली झाडं, रुंद पदपथ आणि सायकलींची वेगळी पट्टी. नकाशा काढणाऱ्यांत हवालदाराची स्वतःची मुलगी होती. म्हणजे तक्रार करायची तरी कुणाकडे?

मुलीने आपल्या कचेरीतल्या साहेबांकडे शब्द टाकून त्याचं दुकान सायकलदुरुस्तीसाठी राखून घेतलं होतं. नीट चाललं तर राहील, नाहीतर तिथे बसायला बाकं येतील. वळणरस्त्यावर मात्र एक गाळा रिकामा होता आणि हवालदाराचा जीव तिकडे ओढ घेत होता.

उद्घाटनाच्या सकाळी साहेब सायकलवरूनच आले. ''काका, जरा हवा बघता का?''

हवालदाराने सवयीने कॉम्प्रेसरची नळी उचलली, सवयीने चाकाला लावली आणि सवयीनेच इकडेतिकडे बघत उभा राहिला. ट्रकचं चाक निवांत भरतं, तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन होतो. सायकलच्या चाकाला एवढी फुरसत कुठली? असा बार उडाला, की फीत कापणाऱ्या बाईंच्या हातून कात्री पडली. साहेब हसले आणि पायीच पुढे गेले. मुलगी मात्र हसली नाही. हवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पाने-पकडी खोक्यात भरत असताना मुलगी आपली सायकल हाताने ढकलत दारात आली.

''हे काय चाललंय, बाबा?''

''आवरतोय. माझा हात ट्रकचा आहे. ही नाजूक कामं मला नाही जमायची.''

''मी लहान असताना माझ्या सायकलमध्ये हवा कोण भरायचं मग?''

''ती हातपंपाने भरायचो.''

''कुठे आहे तो पंप?''

तो पोटमाळ्यावर होता, फाटक्या ट्यूबांच्या खाली. धूळ झटकता झटकता हवालदाराला ती छोटी सायकल आठवली. मुलीने ती रस्त्यावर कधीच नेली नव्हती. त्याने नेऊच दिली नव्हती. दुकानामागे टायरांच्या ढिगाभोवती पोर गोल गोल फिरायची, गुडघे हँडलला आपटायला लागेपर्यंत. एकदा तरी टोकापर्यंत जाऊ द्या म्हणून रडायची आणि हा तिच्यावर खेकसायचा. या रस्त्याने त्याचं घर चालवलं होतं आणि या रस्त्याचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची. हे त्याने बायकोलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्याने दारातल्या सायकलला पंप मारला. मध्येच थांबून अंगठ्याने टायर दाबून पाहिला. पुन्हा थोडा मारला, पुन्हा दाबला. अंगठा काही विसरला नव्हता.

मुलगी सीटवर बसली. ''येऊ जाऊन? टोकापर्यंत?''

चांगली नोकरी करणारी बाई, पण विचारलं तसंच, तेव्हासारखं.

''जा,'' तो म्हणाला. ''सावकाश जा.''

ती निघाली तसा तो झटकन रस्त्यात उतरला आणि हात वर करून उभा राहिला. शाळेत जाताना तिला रस्ता ओलांडून द्यायला तो असाच ट्रक अडवायचा. आता अडवायला काहीच नव्हतं. समोरून बिस्किटांच्या कारखान्यातली एक कामगार बाई सायकलवर येत होती, ती तेवढी थांबली.

''काय हो, हवा भरताय की फोडताय?'' कालची बातमी तिकडे पोचली होती. मग तिला दारातलं खोकं दिसलं. ''बांधाबांध चाललीय वाटतं?''

''चालली होती,'' हवालदार म्हणाला. त्याचा हात अजून वरच होता आणि डोळे रस्त्याच्या टोकाकडे. ''भरून देतो. पण जरा थांबा, मुलगी वळून येऊ दे.''