शुद्ध केलेला अर्ज

प्रियदर्शनी मॅडम भाजीवालीशीसुद्धा व्याकरण सांभाळून बोलत. सांगलीच्या त्या कॉलेजात त्या मराठी शिकवत आणि तक्रार समितीच्या सचिवही होत्या, त्यामुळे मुलींचे अर्ज शुद्ध करून देणं हे त्यांना आपलंच काम वाटे. त्या दिवशी कवठे महांकाळहून एसटीनं येणारी सोनिया सांगत होती आणि मॅडम लिहीत होत्या.

"सरांनी लॅबमदी मला धरलं. मी म्हनलं, न्हाई. लय येळा म्हनलं, न्हाई, न्हाई."

मॅडमनी लिहिलं, 'सरांचे वर्तन अयोग्य होते.' सोनियानं ते दोनदा वाचलं.

"मॅडम, ह्यात माजं 'न्हाई' कुटं गेलं?"

"अगं, ती पुनरुक्ती. अर्जात शोभत नाही. सही कर."

तिनं सही केली. खरं तर मॅडमना तो उच्चारच सोसवत नव्हता. उंब्रजहून शिकायला आल्या तेव्हा त्याच शब्दावर वर्गात हशा पिकला होता, आणि त्यांनी तो आपल्या तोंडातून घासूनपुसून काढला होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या रंगूबाईंनी विचारलं, "साखर घालू?" मॅडमना मधुमेह. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्दच आला नाही. रंगूबाईंनी दोन चमचे घातले. संध्याकाळी नवऱ्यानं, मिलिंदनं, विचारलं, "माझ्यावर रागावलीस का?" त्या नुसत्याच बघत राहिल्या आणि तो उठून गेला. मग त्यांनी वहीत लिहून पाहिलं. बाकी सगळे शब्द नीट उमटत होते; नाही, नको, नव्हे यांच्यापाशी मात्र पेन कोरडं फिरत होतं. कुणाला सांगायचं म्हटलं तर काय सांगणार? त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

आठवड्यानं समिती बसली. अध्यक्षबाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"विरोध केल्याचं यात कुठंच नाही, आणि सर म्हणतात तिची संमती होती. मॅडम, हिचं म्हणणं तुम्ही उतरवून घेतलंत. त्या वेळी आपण सरांना काय म्हणालो, असं हिनं सांगितलं होतं? सगळं त्या शब्दावर आहे."

मॅडमचे ओठ हलले. सोनिया खुर्चीतून पुढं वाकली आणि लेकराला बोलायला शिकवावं तशी हळूच म्हणाली, "म्हना की मॅडम. न्हाई."

"तू थांब. मी त्यांना विचारतेय."

मॅडमनी सगळा जीव एकवटला.

"हो," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी तो शब्द जसाच्या तसा लिहून घेतला.