उजव्या बाजूचा बल्ब

नवऱ्याला बल्ब आणण्यापलीकडे काही उद्योग उरलेला नाही, हे शेवंतीबाईंचं हजारदा सांगून झालं होतं.

महिपतरावांचा डोंबिवलीतला फोटो स्टुडिओ बंद झाला, पण स्लाइडचं खूळ काही सुटलं नाही. साध्या स्लाइड असत्या तर एक वेळ चाललं असतं. ह्या जोडीच्या. एकच देखावा, पण एक डाव्या डोळ्यासाठी टिपलेला नि एक उजव्या. दुर्बिणीसारख्या डबीत घालून दोन्ही डोळ्यांनी बघितलं, की चित्र म्हणे उठून समोर उभं राहतं. डबीत दोन्ही डोळ्यांसमोर एकेक चिमुकला बल्ब. रविवारी ठाण्यात त्यांच्या दोस्ताच्या, गुरुदत्तच्या फोटो क्लबात ह्यांच्या स्लाइडचं प्रदर्शन, आयुष्यातलं पहिलं. त्यासाठी स्लाइड निवडायच्या सोडून हे उजव्या बल्बच्या नावाने गळा काढत बसलेले.

"उजवीकडे अंधारच आहे गं. चित्र उठतच नाही."

आधी नवा बल्ब आला. मग कल्याणहून त्याच्याहून ताकदीचा. शेवटी शीळफाट्याच्या गॅरेजमधून स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब आणून, त्याला वायर जोडून, अडॅप्टर लावून तो डबीत कोंबला. डबीचं प्लास्टिक तापून वास सुटला.

"करा, स्लाइडची भजी करा आता," शेवंतीबाई म्हणाल्या. "लग्नाच्या मांडवात नसेल एवढा उजेड, आणि ह्यांना अंधार दिसतोय. रविवारी लोकांना काय, बल्ब दाखवणार आहात?"

"तू बघ मग."

एवढ्या वर्षांत त्या भंगारात कधी डोकावल्या नव्हत्या. आज डोकावल्या, आणि उजवीकडून असा झोत आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"अहो, आंधळी झाले असते मी. म्हणे अंधार!" त्यांनी डबी सरळ उलटी धरली, वरची बाजू खाली, म्हणजे उजवा बल्ब डावीकडे आला. "घ्या. उजवा बल्बच वाईट ना? मग आता अंधार डावीकडे दिसायला हवा. बघा आणि एकदाचं कबूल करा."

महिपतरावांनी डबी डोळ्यांना लावली.

"बाप रे, डावीकडे काय उजेड आहे," ते खूश होऊन म्हणाले. "डोळा दिपला."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे अंधारच आहे की."

उजवीकडे आता मूळचा डावीकडचा बल्ब होता. कधीही न बदललेला, धडधाकट.

बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी डबी खाली ठेवली, डाव्या डोळ्यावर हात धरला आणि बायकोच्या दिशेने पाहिलं. चाळीस वर्षं कॅमेऱ्याला लावलेला डोळा तो, उजवा.

"शेवंते, तू तिथेच आहेस ना?"

शेवंतीबाई समोरच होत्या, हाताच्या अंतरावर.

"आहे. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नाही म्हणायचं नाही."

"जाऊ." मग डाव्या डोळ्यावरचा हात न काढताच त्यांनी स्लाइडचा डबा चाचपून तिच्याकडे सरकवला. "रविवारच्या तूच निवड."

ज्या डब्याला आजवर त्यांनी तिला हात लावू दिला नव्हता, तो मांडीवर घेऊन शेवंतीबाई म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं." एरवी हेच त्या नाक मुरडून म्हणाल्या असत्या. आता त्यांना नुसती भीती वाटत होती.