हौस आणि हौद

मी हौद बोलतोय. अंगणातल्या लोखंडी झाकणाखालचा. सध्या अर्धा रिकामा आहे, म्हणून आवाज घुमतो. आणि विषयच असा आहे, की तो चढणारसुद्धा.

घर बांधताना सुरेखाताईंनी हट्ट धरला होता, "आधी हौद, मग हॉल." त्यांचे मालक सुदर्शनराव हसले, "पोहायचंय का तुला?" मी बांधून झालो. पहिल्यांदा नळ आला त्या दिवशी ताईंनी आत डोकावून हाक मारली, "भरला का रे?" मी घुमून ओ दिली. पुढं ती आमची सवयच झाली.

गल्ली टँकरमागं पळायची, तेव्हा आमच्याकडं निवांत धुणं चालायचं. पण पाहुणे कौतुक कुणाचं करायचे? हॉलच्या पडद्यांचं! तेही माझ्या डोक्यावर उभं राहून.

मग सुदर्शनरावांना बिडकीनकडं नोकरी लागली. तिकडं घर पसंत पडलं. पण हे चांगल्या भावात गेलं तरच ते घेता येणार होतं. कुणीतरी कानात सांगितलं, घर सजवा, किंमत वाढते. झालं! छताला पीओपी, त्यात निळे दिवे. गिऱ्हाइकं यायची, वर बघून "वा" म्हणायची आणि भाव पाडून मागायची.

सुदर्शनरावांना वाटलं, सजावटच कमी पडली. "हौद बुजवू. वर फरशी टाकली की गाडी लागंल. पार्किंगला भाव आहे."

"अन् पाणी कुठं भरायचं?" ताई म्हणाल्या.

"ते घेणारा बघंल."

एवढी वर्षं माझं पाणी प्यायलेला माणूस हे बोलत होता! दुसऱ्या दिवशी दारात मुरमाचा ढीग पडला.

त्याच सकाळी हर्सूलच्या रत्नमालाबाई घर बघायला आल्या. सुदर्शनरावांनी निळे दिवे लावले. बाईंनी मान वर केली नाही.

"नळ किती दिवसाला येतो?"

"येतो की, नियमित."

"भाऊ, मी बी याच शहरात राहते. खरं सांगा."

"आठ दिवसाला, कधी दहा," सुरेखाताई मध्येच म्हणाल्या. "पण हौद आहे. या, दाखवते."

झाकण उघडलं. बाई वाकल्या आणि ओरडल्या, "ओऽऽ!" मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओ दिली.

"लई मोठाय की!"

"छत बघा ना, नवीन केलंय," सुदर्शनराव घाईनं म्हणाले.

"ती तुमची हौस. हौसेचे पैसे मी नाय देणार, भाऊ. हौदाचे देते. म्हणाल ती किंमत देते, पण आधी तो मुरूम उचला."

घर विकणाऱ्यांनो, छतं खुशाल रंगवा. पण एकदा पायाखालीही हाक मारून बघा.

आता रत्नमालाबाईंचं धुणं चालतं, माझं बरं चाललंय. एकच रुखरुख आहे. निघायच्या दिवशी ताईंनी नव्या माणसांसाठी मला काठोकाठ भरलं आणि वाकून म्हणाल्या, "येते रे." मी गळ्यापर्यंत भरलो होतो, आवाजच फुटला नाही.

ती राहिलेली ओ आज देतो. सुरेखाताई, ओऽऽ!