एकशे दहा घोडे आणि बशीभर लोणी

खट्.

स्वयंपाकघरातला फ्रिज दम खाऊन पुन्हा कामाला लागला आणि घरभर पसरलेल्या दुपारच्या शांततेला एवढासा तडा गेला. तेवढा पुरला. गादीवरून एक पाय खाली सोडलेली ती जागच्या जागी थिजली. शेजारी झोपलेल्या लेकीची डावी पापणी किंचित वर झाली, आणि लगोलग दोन इवली बोटं तिच्या कानाच्या पाळीकडे आली.

लेकीला चिमटी म्हणायचे ते काही उगाच नाही. वय वर्षं चार. दुपारी ती आईच्या दंडावर थापटत राहायची, "झोप हं, झोप" म्हणायची, आणि मधूनच कानाला चिमटा काढून काम कुठवर आलंय ते तपासायची. आईने अशा वेळी डोळे घट्ट मिटायचे, तोंड जरासं उघडं टाकायचं आणि लांब श्वास घ्यायचा. घोरता आलं तर उत्तमच.

ती घोरली. चिमटीची मूठ हळूहळू सैल झाली. मग मांजराच्या पावलांनी खोलीबाहेर, मागचं दार, अंगण, शेड. तिथून पुढे हातात पाऊण तास. पोरीने मेहेरबानी केलीच तर तासभर.

शेडमध्ये सासऱ्यांची लाल स्पोर्ट्स कार उभी होती. उभी कसली, जमिनीला कान लावून बसलेली. तिचं मूळचं इंजिन कधीच निजधामाला गेलं होतं. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी मग तिच्यात एका बेकरीच्या डिलिव्हरी व्हॅनचं इंजिन बसवलं होतं. "वरून नवरदेव, आतून पाववाला," असं सासूबाई म्हणायच्या. इंजिन होतं धिप्पाड आणि त्याला दिलेली जागा चिमणीची. त्यामुळे सगळी धग थेट आत बसलेल्यांच्या पायांवर. सासूबाई त्या गाडीत एकदाच बसल्या होत्या, तीन वर्षांपूर्वी. उतरल्या तेव्हा चपलांचे तळवे मऊ झाले होते. तेव्हापासून गाडीचं नाव भट्टी.

आणि या भट्टीत तिला एसी बसवायचा होता. झोपमोड न करता.

झालं असं, की वर्कशॉपच्या उस्तादांचा फोन आला. चिमटी व्हायच्या आधी ती त्यांच्याकडे बसगाड्यांचे एसी दुरुस्त करायची. हात असा, की नुसता पाइप चाचपून गॅस किती उरलाय ते सांगायची. उस्ताद म्हणाले, पहिल्या तारखेपासून दुपारची पाळी घेतेस का? नसेल जमत तर दुसरं माणूस बघतो. नवरा जहाजावर, सहा-सहा महिन्यांनी घरी येणारा. फोनवर तो आईचंही बरोबर म्हणायचा आणि बायकोचंही. सासरे घरात होते, पण त्यांना सांभाळायलाच एक माणूस लागायचं. राहता राहिल्या सासूबाई.

"चार वर्षं पाना धरला नाहीस," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "जमेल का तुला आता?"

"आई, पोहणं कोणी विसरतं का?"

"मी विसरले."

सासूबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "असं कर. त्या भट्टीला गार करून दाखव. रविवारी भर दुपारी मी बशीत लोणी घेऊन पुढे बसते. टेकडीच्या माथ्यावर जाईपर्यंत लोणी शाबूत राहिलं, तर दुपारची चिमटी माझी. वितळलं, तर पोर शाळेत जाईपर्यंत तू घरी. आणि मध्येच कोणी बटणाला हात लावायचा नाही. एकदा चालू केलं की चालू."

"कबूल."

वर्तमानपत्रामागून सासऱ्यांचं डोकं वर आलं. "वा! गाडी माझी, पैज तुमची! मला कोणी विचारलं?"

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही ड्रायव्हर."

"अगं, एसी म्हणजे इंजिनाच्या गळ्यात धोंडा! एकशे दहा घोडे आहेत माझे. यांच्या गारव्याला एकही जुंपू देणार नाही." त्यांनी सुनेकडे बोट रोखलं. "सूनबाई, टेकडी मी तिसऱ्या गिअरमध्ये चढतो. रविवारीही तिसऱ्यातच चढली पाहिजे. दुसरा टाकावा लागला, तर तुझं ते शीतगृह तिथल्या तिथे उतरवायचं. पैज हरलीस."

रविवार बारा दिवसांवर होता. तिने मनात हिशोब केला: अकरा डुलक्या.

रेडिएटरपुढे हवा खाणारी जाळी बसवायला दोन डुलक्या गेल्या. डॅशबोर्डखाली थंड कॉइल आणि पंखा कोंबायला तीन. त्यातली एक वाया गेली, कारण चिमटीला स्वप्नात मुंगी चावली. पण खरी गोम होती कॉम्प्रेसरची. हा गडी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याला इंजिनालाच घट्ट धरून बसवावं लागतं. बसवायचा कशावर? भंगारातून आणलेला कॉम्प्रेसर एका छोट्या गाडीचा, इंजिन व्हॅनचं, गाडी तिसरीच. तीन घरच्या तीन पाहुण्यांना एका बाकावर बसवायचं, तर बाकच नवा हवा.

तिने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, भोकं जुळवली, कातरून नमुना केला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. संध्याकाळी तो गल्लीच्या टोकाच्या वेल्डरकडे दिला. वेल्डरला सगळे मिलीमीटर म्हणायचे. नमुन्याबरहुकूम काम करावं तर त्यानेच. मिलीमीटरभर इकडे नाही की तिकडे. डोकं मात्र तो दुकानात आणत नसे.

दुसऱ्या दिवशी आठ मिलीमीटर जाडीची पोलादी पट्टी आली. भोकं बिनचूक. कडा गुळगुळीत. आणि खालच्या कोपऱ्यातून एक अर्धगोल घास गायब, त्या अर्धगोलाला बारीक बारीक दातांच्या खुणा.

"अहो, हे काय कापलंत?"

"पुठ्ठ्यात होतं."

"पोरीने बिस्किट समजून चावला होता पुठ्ठा!"

"मला काय माहीत? कोणी चावलाय ते लिहिलं नव्हतं." मिलीमीटरने अभिमानाने पट्टीवरून अंगठा फिरवला. "दात मोजून घ्या. सहा आहेत. कानशीने एकेक काढलाय."

शेडमध्ये ती तोंडावर हात दाबून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग पट्टी बसवायला घेतली आणि तिच्या लक्षात आलं, की खालच्या बोल्टपर्यंत पाना पोचवायला कुठूनही वाट नाही. एक सोडून. त्या घासातून पाना असा आत गेला, जसा चमचा तोंडात. चार वर्षं इंजिनिअरिंगचं शिकून जे तिला सुचलं नसतं, ते दुधाच्या दातांनी केलं होतं.

नवव्या डुलकीला तिने उस्तादांकडून आणलेल्या पंपाने पाइपांतली हवा ओढून घेतली, गॅस भरला आणि बटण दाबलं. इंजिनाजवळून आवाज आला: खट्. कॉम्प्रेसरने पट्टा पकडला. मिनिटाभरात डॅशबोर्डच्या जाळीतून जे वारं आलं, त्याने तिच्या हातावर काटा आला. नुसत्या गारव्याने नव्हे. चार वर्षांनी आपले हात आपल्याला ओळखत होते.

सासरे दारात उभेच होते. "आण किल्ली. बघू तुझं काश्मीर किती घोडे खातं ते."

पाव तासाने परतले ते लग्नाची पंगत जेवून आल्यासारखे. "दुसरा!" दोन बोटं नाचवत ते म्हणाले. "अर्ध्या चढावर सगळे घोडे मटकन खाली बसले. दुसरा टाकावा लागला!"

"आणि एसी बंद करून?"

"तिसऱ्यात. पाखरासारखी." मग सुनेचा चेहरा बघून त्यांचा आवाज जरा उतरला. "तू काम चांगलं केलंस गं. पण पैज म्हणजे पैज."

एसी चालू ठेवावा तर टेकडी हातची जाते, बंद करावा तर लोणी. आणि बटणाला हात लावायचा नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये बशी.

दहाव्या डुलकीला ती उठलीच नाही. चिमटीने थापटलं, चिमटा काढला, समाधान झाल्यावर स्वतः झोपली. आई छताकडे बघत पडून राहिली. फ्रिज घरघरत होता. मग थांबला. शांतता. बराच वेळ शांतता. मग पुन्हा: खट्.

ती उठून बसली.

फ्रिज काही दिवसभर राबत नाही. मधूनमधून बसतो, विडी ओढतो, आत दुधाला पत्ताही लागत नाही. गारवा आहे तोवर गारवा. मग कॉम्प्रेसरने त्या एका चढापुरती विडी ओढली, तर लोण्याला कोण चुगली करणार?

अकराव्या डुलकीला तिने अडगळीतल्या वॉशिंग मशीनच्या झाकणाखालचा इवलासा स्विच उपटला. झाकण मिटलं की तो दाबला जायचा आणि मशीन चालायचं. तिने त्याची जोडणी उलटी केली आणि तो बसवला सासऱ्यांच्या ॲक्सिलरेटरच्या पट्टीखाली, अगदी तळाशी. पट्टी पार जमिनीला टेकली, तरच दाबला जाईल. दाबला की कॉम्प्रेसर गप्प. पाय उचलला की पुन्हा कामाला. हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पायाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

शेडमधून ती पाणी प्यायला आली, तर सासूबाई फ्रिजला पाठ लावून उभ्या.

"उद्यापर्यंत याला हात लावायचा नाही. लोणी माझं आहे."

"मला पाणी हवंय, आई."

"माठातलं पी. लबाडाला थंड पाणी बाधतं."

रविवारी दुपारी ऊन असं, की कुत्री गाड्यांखाली शिरून झोपलेली. सासरे स्टिअरिंगवर. सासूबाई पुढे, मांडीवर बशी, बशीत लोण्याचा चौकोनी तुकडा. मागच्या सीटवर गुडघे नसलेलाच माणूस बसावा अशी जागा; तिथे ती, आणि तिच्या मांडीवर चिमटी.

खट्. वारं सुटलं.

पहिल्याच सिग्नलला सासूबाई बशी तोंडाजवळ नेऊन फुंकर घालू लागल्या.

"आई! फुंकर नाही घालायची!"

"धूळ उडवतेय गं."

"गरम वाफ सोडताय तुम्ही त्याच्यावर!"

"आजी चिटिंग करतेय," चिमटीने निकाल दिला.

"तू चूप. पुठ्ठेखाऊ."

पूल ओलांडला. टेकडी समोर आली. सासऱ्यांनी मान ताठ केली आणि तिसऱ्यात गाडी चढाला घातली. अर्ध्या वाटेवर इंजिनाचा आवाज जड झाला. तिने श्वास रोखला. सासऱ्यांचा हात गिअरकडे सरकला, थबकला. सवयीने आधी पाय खाली गेला, पार तळापर्यंत.

खट्.

एकशे दहाच्या एकशे दहा घोड्यांनी कान टवकारले. गाडी अशी उसळली, की सासूबाईंनी एका हाताने बशी धरली आणि दुसऱ्याने नवरा. जाळीतून गार वारं येतच राहिलं. सासऱ्यांनी आरशातून मागे पाहिलं. चाळीस वर्षं इंजिनं ऐकलेला कान तो. त्याने काय ऐकलं ते त्यालाच ठाऊक. सासरे फक्त मिशीत हसले आणि म्हणाले, "तिसरा. लिहून घ्या."

माथ्यावर गाडी थांबली. सगळे बशीवर वाकले. लोण्याचे चारही कोपरे जसेच्या तसे.

"घाम आलाय त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"घाम माणसाला येतो, आई."

"हं." सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मग हात चोळले. मग न राहवून म्हणाल्या, "ते जरा कमी कर गं. हाडं गोठली माझी."

ती गडबडली. "कमी... कमी करायचं बटण मी बसवलंच नाही, आई. डुलक्या संपल्या."

सासरे इतके हसले की हॉर्न वाजला. सासूबाईंनी हसू दाबत बशी मागे केली. "धर गं चिमटे. पुरावा खाऊन टाक."

चिमटीने तुकडा उचलून दातांखाली धरला आणि तोंड वाकडं केलं. "आजी, हा दगड आहे!"

तिने तुकडा हातात घेतला. बोटं बधिर झाली. नुसतं गार नव्हे, लोणी आतून बर्फासारखं टणक होतं. असं लोणी नुसत्या उन्हातसुद्धा टेकडी चढून गेलं असतं.

"आई! तुम्ही हे फ्रीजरमध्ये ठेवलं होतं?"

सासूबाई समोरच्या काचेतून दूर कुठेतरी बघत होत्या. "शुक्रवारपासून."

"आणि ती फुंकर?"

"ती यांना दाखवायला." त्यांनी खिडकीची काच उगाच पुसली. "मला काय माहीत, तू खरंच गार करशील म्हणून? मी आपली तजवीज करून ठेवली होती. बघतेस काय अशी? पहिल्या तारखेपासून दुपारची ही माझी. डबा मात्र तुझा तू भरायचा."

पुढच्या सीटच्या वरून हात घालून तिने सासूबाईंचा गार पडलेला खांदा धरून ठेवला.

परतीच्या उतारावर चिमटी तिच्या छातीला टेकून बसली होती, ओठ लोण्याने तुकतुकीत. सवयीने दोन बोटं आईच्या कानाकडे गेली.

"तू दुपारी कामाला जाणार?"

"हो गं माझे राणी."

"मग मी आजीला झोपवीन. ती पटकन झोपते. तुला फार वेळ लागतो."

"हो का?"

पायथ्याशी येता येता इंजिन घुमत होतं. मग कानाची पाळी हलकेच, न दुखवता दाबून तिने मान वर केली. कपाळावर मोठ्या माणसासारखी आठी.

"पण आई, तिकडे तुला कोण झोपवणार?"