बाराव्या मजल्याची शीट

"शिडी चुकली तुझी," हेमलताबाई म्हणाल्या.

हातातली मटाराची शेंग सोलता सोलताच म्हणाल्या. शेजारी त्यांची भाची विनता लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. वय सव्वीस, नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून, आणि चार दिवस बदल म्हणून हिंदी मुलखात, मदन महलला आत्याकडे आलेली.

"कौनसी सीढ़ी, आत्या?"

"तिसऱ्या मजल्यावरची, डावीकडची. भिंतीपासून चौथ्या विटेवर पाहिजे. तू पाचवीवर ठेवून राहिली."

विनतानं आधी आत्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. जी बाई मोबाइलवरचा फोटो मोठा करायला शेजारच्या बेबीताईंना हाक मारते, ती हे कशाच्या जोरावर बोलते आहे? पण काम असं होतं की शंका ठेवून चालत नव्हतं. तिनं मूळ खेळाचा जुना व्हिडिओ लावला आणि विटा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. शिडी चौथीवर होती.

"आत्या! तुला कसं माहीत?"

"काहून माहीत नसणार? नकाशे मीच काढले ना बापा त्याचे."

आता विनता काय करत होती ते सांगायला हवं. तीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर एक खेळ होता. एका किल्ल्यात कंदील घेतलेला एवढासा माणूस, आणि तो एकेक मजला खाली उतरत जातो. अकरा मजले. अकराव्याच्या तळाशी कंदील विझतो, खेळ संपतो. ज्यांनी तो बनवला ती परदेशातली मंडळी केव्हाच पांगली होती. तो खेळ विसरू न शकलेले नऊ वेडे लोक, देशोदेशीचे, तो आता नव्यानं उभा करत होते. एक पैसा कुणाला मिळणार नव्हता, आणि भांडणं मात्र एकेका विटेवरून. विनता त्या नऊ जणांत होती.

आणि हेमलताबाई? त्या तोफगाड्यांच्या फॅक्टरीत, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेल्या भागांवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि शाईनं उतरवून काढायचं, हे काम. एक्क्याण्णव साली ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्या मागोमाग कुणाच्या तरी खिशातून फ्लॉपीवर हा खेळही आला. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला 'कंदीलवाला' म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत नीलकंठ नावाचा ज्युनियर खेळायचा आणि रोज त्याच खड्ड्यात पडून मरायचा. हेमलताबाईंना ते बघवेना. त्यांनी ट्रेसिंग पेपर घेतला, एक वीट म्हणजे पाच मिलिमीटर असं माप धरलं आणि मजल्यांचे नकाशे काढायला लागल्या. एकेक मजला, एकेक शीट.

हेड ड्राफ्ट्समन बाबाराव देवतळे साहेब. माणूस असा कडक की चुकीची रेघ लांबूनच हुंगून काढायचा. पण त्यांनाही कंदीलवाल्याची गोडी लागली होती. शीट पुरी झाली की ते डबा बाजूला सारून पडद्याशी ती ताडून बघायचे आणि कोपऱ्यातल्या 'चेक्ड'च्या चौकटीत सही ठोकायचे. फॅक्टरीच्या कामाला करायचे तशीच.

"कुठं आहेत त्या शीट?" विनतानं लॅपटॉप बाजूला ठेवला.

हेमलताबाईंनी कपाटातून गुंडाळी काढली. मजल्यांच्या शीट. विनता जमिनीवर बसून एकेक उलगडत गेली आणि बोलायची बंद झाली. प्रत्येक वीट, प्रत्येक खिळा, कुठल्या फरशीवर पाय दिला की छत कोसळतं तेही. नऊ जणांनी वर्षभर डोळे फोडून जे मोजलं, ते सगळं काळ्या शाईत आधीच होतं.

"आत्या, ये तो बारा हैं," ती अखेरीस म्हणाली. "बारावी शीट कसली?"

हेमलताबाईंनी मटाराची परात उगाच जवळ ओढली.

बाराव्या शीटवर तांबड्या पेन्सिलीनं तिरपं लिहिलं होतं: काल्पनिक. चेक्डची चौकट रिकामी होती.

झालं होतं असं. अकराव्या मजल्याची शीट पुरी करताना मापं जुळेनात. बाहेरून मजला चाळीस विटा, आतली बेरीज एकोणचाळीस. ड्रॉइंग ऑफिसात अशी एक वीट कमी आली तर जेवण गोड लागत नाही. शनिवारी सगळे लवकर गेले, तेव्हा हेमलताबाई स्वतः खेळायला बसल्या. ती एक वीट कुठं गेली हे शोधत त्यांनी कंदीलवाल्याला भिंतीभिंतीला टेकवून पाहिलं. एका जागी तो भिंतीत शिरला आणि पलीकडे निघाला.

पलीकडे बारावा मजला होता. एकच दालन, इतकं मोठं की पडद्यात मावेना. सापळा नाही, राक्षस नाही, आवाजसुद्धा नाही. वर अंधार आणि त्या अंधारात बारीक बारीक दिवे. हेमलताबाई खुर्ची पुढं ओढून बघत राहिल्या. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, हे एवढं मोठं काहीतरी बांधून भिंतीआड ठेवून दिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मग सवयीनं त्यांनी कागद ओढला. आधी बाहेरचं माप, मग आतलं. वर न बघता, नुसत्या पायाखालच्या विटा मोजत त्याला पार टोकापर्यंत नेऊन त्यांनी रुंदी काढली, छप्पन्न. उंची डावीकडच्या भिंतीवरून, चाळीस. मग डावीकडून आत भरायला घेतलं. अर्धं होतं न होतं तोच सुट्टीचा भोंगा झाला.

सोमवारी वरून हुकूम आला की कॉम्प्युटरवरचे खेळ काढून टाका. फ्लॉप्या गेल्या, कंदीलवाला गेला.

"कुणी पाहिलं हे?" देवतळे साहेबांनी शीट हातात घेऊन विचारलं होतं.

"मी."

"आणखी कोणी?"

आणखी कुणीच नव्हतं. साहेबांनी तांबडी पेन्सिल उचलली. तिथवर ठीक होतं म्हणा, खेळाचीच गोष्ट. पण जिथं तोफगाड्याचे भाग आखले जातात तिथं 'नसलेलं काढणारी' असं नाव पडणं म्हणजे काय, ते त्या ऑफिसात बसलेल्यालाच कळेल. त्या वर्षी ड्राफ्ट्समनच्या ग्रेडसाठी, म्हणजे बढतीसाठी, हेमलताबाईंचं नाव जायचं होतं, ते गेलं नाही. नंतरही गेलं नाही. चहाच्या वेळी कुणी हसून म्हणायचं, "काय बाई, काय म्हणते तुमची खोली?" बत्तीस वर्षं तो तांबडा शब्द त्यांच्या पोटात खुपत होता.

"मी खोटं नाही काढलं गं," हेमलताबाई म्हणाल्या, आणि आपला आवाज असा बारीक का झाला याचा त्यांनाच राग आला.

विनतानं लगेच मूळ खेळ लावला. अकरावा मजला, तीच भिंत. कंदीलवाला ढकलत राहिला. भिंत ढिम्म.

"ही नंतरची कॉपी आहे, आत्या," ती हळूच म्हणाली. "जगात हीच मिळते. शायद पहिल्या कॉपीत..." तिनं शीटचा फोटो बाकीच्या आठ जणांना पाठवला. उत्तरं फार गोड आली. सुंदर आहे, कुणाच्या तरी मनातली कल्पना दिसते. पण ठरल्याप्रमाणे रविवारी काम संपवायचं, अकरा मजल्यांवरच.

"कल्पना म्हणाले ना?" हेमलताबाईंनी विचारलं. "चलो. इंग्रजीत म्हणाले, एवढाच फरक." आणि त्या मटार घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलंडच्या एका मास्तरांचा निरोप आला. ते त्या नऊ जणांतले सर्वांत म्हातारे. मूळ खेळाच्या फायलीच्या शेपटाला आकड्यांचा एक ढीग पडलेला आहे, दोन हजार दोनशे चाळीस आकडे. एक आकडा म्हणजे एक वीट किंवा एक मोकळी जागा. सगळे मजले चाळीस विटा रुंद, म्हणून त्यांनी चाळीस-चाळीसच्या ओळी पाडून पाहिल्या होत्या, आणि नुसता कचरा दिसला होता. म्हणून सोडून दिलं. चाळीसनं भाग तर बरोबर जातो, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

विनतानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हेमलताबाई चहा गाळत होत्या. गाळणी तशीच धरून त्या थांबल्या.

"चाळीस काहून? छप्पन्न घे ना."

"हं?"

"स्वेटरचा नमुना आहे का नाही, तसं. छप्पन्न टाक्यांचा नमुना चाळीसवर विणला तर फूल दिसेल का? शीटवर रुंदी काय लिहिली आहे?"

विनतानं आकडा बदलला.

पडदा क्षणभर काळा झाला आणि मग वरून खाली ओळी भरत आल्या. डावीकडची भिंत आली. खांब आले, दोन, तीन. तिसऱ्याचा माथा तुटका होता, शीटवर होता तसाच. छतातले दिवे लागत गेले. विनतानं शीट उचलून पडद्याच्या शेजारी धरली.

"आत्या. आत्या, ये है. ये सच में है."

हेमलताबाईंनी गाळणी खाली ठेवली. त्या उजवीकडे बघत होत्या. तो भाग त्यांच्या शीटवर कोरा होता. भोंगा झाला म्हणून राहिलेला. तिथं पुढं काय असेल, हे त्यांनी भांडी घासताना, बसची वाट बघताना, झोप येत नसताना हजारदा मनात आणलं होतं आणि एकदाही कागदावर आणलं नव्हतं.

तिथं जिना होता. तळापासून निघालेला, पायरीवर पायरी, वर, आणखी वर, छताला भोक पाडून त्या दिव्यांच्या मधोमध उघड्यावर निघालेला. ते दिवे नव्हतेच. ते आभाळ होतं. जगभरच्या लोकांनी अकराव्या मजल्यावर कंदील विझला की खेळ संपला म्हणून टाळ्या पिटल्या होत्या, आणि तो बिचारा माणूस तिथंच अंधारात राहिला होता. बाहेर पडायची वाट बाराव्यावर होती.

"अगं बाई," हेमलताबाई म्हणाल्या. "घरी जायचं होतं त्याला." आणि त्या चक्क रडायला लागल्या. विनताही रडली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

शनिवारी दोघी सिहोऱ्याच्या बसमध्ये बसल्या. देवतळे साहेब रिटायर झाल्यावर तिथं मुलाकडे राहात होते. वय त्र्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, खवटपणा जसाच्या तसा.

"काहून वो हेमलताबाई, आज कशा काय रस्ता चुकल्या?"

हेमलताबाईंनी उत्तर दिलं नाही. शीट टेबलावर पसरली. विनतानं शेजारी लॅपटॉप उघडला आणि ते आकडे कुठून निघाले, कसे उलगडले, सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता, पण बघत होता शीटकडे. त्यांचं बोट उजवीकडच्या कोऱ्या भागावर येऊन थांबलं.

"हे काहून सोडलं?"

"पाहिलं नव्हतं, साहेब."

साहेबांनी सुनेला हाक मारून खणातली मोजपट्टी मागवली, चष्मा पुसला, आणि विनताला म्हणाले, "वाच पोरी. पहिल्या ओळीपासून."

दोन तास ते चाललं. विनता ओळ वाचायची, साहेब पट्टी सरकवायचे. सून चहा ठेवून गेली, तो निवला. दुसरा आला, तोही निवला. हेमलताबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बत्तीस वर्षांपूर्वी नवी नवी शीट घेऊन बसायच्या तशाच.

"थांब," साहेब म्हणाले. "एकोणिसावी ओळ, सातवी वीट. शीटवर आहे. इकडे नाही."

विनतानं पुन्हा मोजलं. खरंच नव्हती. "सर, इतने सारे में एक ईंट..." ती चिडून बोलायला लागली, आणि साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं.

पण हेमलताबाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "जे नाहीच, त्यात कधी चूक सापडते का?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला.

"नाही सापडत," ते म्हणाले. "काल्पनिक असतं तर हा कोरा भाग तुम्ही पहिला भरला असता. एवढं मला दिसायला पाहिजे होतं तेव्हाच. तुमचा ग्रेड गेला माझ्यापायी. मोठी चूक झाली माझी, हेमलताबाई."

हेमलताबाईंनी बत्तीस वर्षं या वाक्याची उत्तरं तयार करून ठेवली होती, ती तशीच राहू दिली.

"ब्लेड आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

सुनेनं दाढीचं नवं ब्लेड आणून दिलं. हेमलताबाईंनी चष्मा सावरला, ब्लेड आडवं धरलं आणि एकोणिसाव्या ओळीतली सातवी वीट हलक्या हातानं खरवडली. शाई भुकटी होऊन निघाली. ट्रेसिंग पेपरला ओरखडासुद्धा उठला नाही. फुंकर मारून त्यांनी शीट पुढं सरकवली.

साहेबांनी पेन घेतलं. तांबड्या शब्दावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. मग चेक्डच्या चौकटीत सही केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून खाली आजची तारीख घातली.