तिसरी थाप

मी दरवाजा बोलतोय. रत्नागिरीत मांडवीला, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गंगाराम सुताराचं कौलारू घर आहे, त्या घराचा पुढचा दरवाजा. पण त्याआधीची माझी बरीच वर्षं अशा घरात गेली, ज्याला छप्पर नव्हतं, चौथी भिंत नव्हती आणि जिथे कधी कुणी झोपलं नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते घर पाहिलंय. दर बुधवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून तुम्ही मला उघडताना बघायचात आणि हसायचात.

मालिकेचं नाव होतं ‘सगळे घरातच आहेत’. एक आई, एक अप्पा, त्यांची एक आगाऊ मुलगी आणि वेळीअवेळी टपकणारे पाहुणे. बस्स, एवढंच.

गंगाराम तेव्हा मुंबईला स्टुडिओत सेटचा सुतार होता. दिग्दर्शकाने त्याला सांगितलं, “प्लायचा दरवाजा नको. तो आपटला की अख्खी भिंत हलते, आणि भिंत हलली की लोकांना घर खोटं वाटतं.” गंगाराम गावी आला आणि आपल्या वाडीतल्या जुन्या फणसाच्या फळ्या एसटीच्या टपावर घालून मुंबईला घेऊन गेला. त्या फळ्यांचा मी झालो. भिंती खोट्या, खिडकीबाहेरचं आभाळ रंगवलेलं, पुस्तकांच्या नुसत्या पाठी. त्या घरात खरा असा मी एकटाच.

मला दोन बाजू होत्या. दिवाणखान्याकडची बाजू गंगारामने जीव लावून घोटली होती, तिला पितळी कडी होती. मागची बाजू कॅमेऱ्याला दिसणार नव्हती, म्हणून तिला धड रंधाही मारलेला नव्हता. त्या बाजूला काळोख, वायरींची वेटोळी, एक बाकडं आणि चहाचा थर्मास. नटमंडळी तिथे उभी राहून आपली वेळ यायची वाट बघत.

माणसाचा चेहरा कसा बदलतो ते मी तिथे शिकलो. मागे उभं राहून डोळे पुसणारा माणूस माझ्यातून पुढे गेला की लोकांना हसवायचा. मी मधे नसतो तर त्यांना हे जमलं असतं का, कोण जाणे.

अप्पांचं काम श्रीपती करायचे, आईचं कुसुमताई. दोघांचे संसार वेगवेगळे होते. पण आठवड्यातले बरेच दिवस ते त्या तीन भिंतींत नवरा-बायको असत, आणि मी कधी त्यांचा एक शब्द चढलेला ऐकला नाही. मुलीच्या कामाला ऋजुता होती, आठ वर्षांची. ती कुसुमताईंना कॅमेरा बंद झाल्यावरही आई म्हणायची.

घरी येताना अप्पांनी बेल वाजवायची, असं लिहिलेलं होतं. श्रीपती म्हणाले, “आपल्या माणसाला बेल कशाला?” ते माझ्या कच्च्या लाकडावर कपाळ टेकवून आपली वाक्यं पुटपुटत, मग बोटातल्या अंगठीने दोन थापा मारत. थोडं थांबत. मग तिसरी. त्या मधल्या वेळात पलीकडे कुसुमताई पदराला हात पुसत. मग कडी काढून म्हणत, “आलात? हातपाय धुवा, पानं घेतलीयेत.” लोक तेवढ्यावर खूश असायचे. माझ्या लाकडावर श्रीपतींच्या कपाळाचा तेलकट डाग पडला होता.

एका दुपारी ते आले तेव्हा त्यांचं कपाळ नेहमीपेक्षा जड लागलं. श्वास तोकडा होता. त्यांनी दोन थापा मारल्या. पलीकडे कुसुमताईंनी हात पुसले. तिसरी थाप आली नाही. त्यांनी पुन्हा हात पुसले. कॅमेऱ्यामागे कुणीतरी खुदकन हसलं. तिथल्या सगळ्यांना वाटलं, श्रीपती मुद्दाम ताणतायत. मला मात्र कळत होतं. ते माझ्या अंगावरून हळूहळू खाली घसरत होते.

कुसुमताईंनी दार उघडलं तेव्हा ते खाली बसलेले होते, हात अजून वर उचललेला.

मालिका थांबली नाही. लोकांना अप्पा हवे होते, म्हणून अप्पांची नागपूरला बदली झाली असं दाखवलं. दर भागात कुसुमताई त्यांच्याशी फोनवर बोलत. फोनला वायर होती, पण ती टेबलाखाली नुसती गुंडाळून ठेवलेली. त्या रिसीव्हर कानाला लावत, ऐकत, मान डोलवत, नेमक्या जागी हसत. एकदा त्या इतका वेळ ऐकत राहिल्या की ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचं काढलं आणि तो हवा खायला बाहेर गेला.

ऋजुताने त्यांना विचारलं, “आई, अप्पा खरंच बोलतात का गं?”

“बोलतात की,” कुसुमताई म्हणाल्या. “पण घरी कधी येणार ते सांगत नाहीत.”

वर्षभराने मालिका संपली. सेट मोडला, खिडकीतलं आभाळ फाडून टाकलं. माझं काय करायचं ते कुणाला सुचेना. गंगाराम म्हणाला, “मी नेतो.” त्याने काम सोडलं आणि मला घेऊन तो कायमचा रत्नागिरीला आला.

इथे त्याने मला उलटा बसवला. घोटलेली बाजू रस्त्याकडे, कच्ची बाजू घरात. “चांगलं तोंड लोकांना दिसू दे,” तो बायकोला, सगुणाला म्हणाला. तिने आतल्या बाजूला हिरवा तेलरंग दिला. सगळीकडे बसला, कपाळाच्या डागावर बसला नाही. तिने पुन्हा दिला. तिथला पुन्हा ओघळला.

खारा वारा मला सोसला. खालची कड फुगली, पावसाळ्यात मी चौकटीत अडकायचो आणि गंगाराम मला लाथ मारून उघडायचा. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी बाई माझ्याशी टोपली टेकवून बसायची. खऱ्या घराचा दरवाजा होणं मला आवडलं होतं.

मग थापा सुरू झाल्या. उन्हं तापलेली असताना, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, दोन थापा. सगुणा उठून उघडायची. ओटीवर कुणी नाही.

“कोण होता गो?” गंगाराम विचारायचा.

“वारा असंल.”

 गंगारामने त्या थापा पहिल्यांदा ऐकल्या तेव्हाच ओळखल्या. पण बाहेर कुणी का दिसत नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या बाहेरून पडतच नव्हत्या. त्या माझ्या कच्च्या बाजूवर पडायच्या. घरातून. कुणीतरी अजून मागच्या काळोखात उभं होतं आणि त्याला पुढे यायचं होतं. माझ्यावर हात टेकायचा नाही. अंगठी तेवढी टेकायची.

गेल्या फाल्गुनात एक रिक्षा दारासमोर थांबली. ऋजुता उतरली. आता चाळिशीला टेकलेली, डोळ्यांखाली जागरणं. तिने हात धरून कुसुमताईंना उतरवलं. त्या अगदी वाळून गेल्या होत्या.

ओटीवर बसून ऋजुता हलक्या आवाजात सांगू लागली, “काका, यांना आता काही आठवत नाही. स्वतःचं घर नाही, माणसं नाहीत. फक्त मालिकेतलं घर आठवतं. पानं मांडून बसतात आणि अप्पा आल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. डॉक्टर नळीने अन्न घालू म्हणतायत. या सारखं विचारतात, आपलं दार कुठे गेलं. म्हणून आणलं.”

“मग मी काय करू?” गंगारामने विचारलं.

“तुम्ही श्रीपतीकाकांसारखी थाप मारा. त्यांना वाटेल, ते आले. दोन घास जातील पोटात.”

गंगाराम उठून उभा राहिला. “नाय गो बाय. गेलेल्या माणसाच्या नावानं दार वाजवू नये. दुसरा काय पण सांग.”

“दुसरं काही उरलं नाहीये, काका.”

सगुणा आतून बाहेर आली होती. तिने कुसुमताईंच्या मनगटाकडे बघितलं. बांगड्या पार कोपरापर्यंत चढत होत्या. “वाजवा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी भात टाकते.”

त्यांनी कुसुमताईंना घरात नेऊन माझ्यासमोर उभं केलं. गंगाराम बाहेर गेला. कुसुमताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचं बोट हिरव्या रंगावरून फिरत कपाळाच्या डागापाशी थांबलं आणि त्यांनी ते चटकन मागे घेतलं.

“मी इथे काय करतेय?” त्या म्हणाल्या. “ही मागची बाजू. इथे ते उभे असतात.”

त्या सरळ ओटीवर चालत आल्या, घोटलेल्या बाजूकडे, आणि आपल्या जुन्या जागी उभ्या राहिल्या. ऋजुता त्यांच्याजवळ थांबली. आता आत जायची वेळ गंगारामची होती. तो आत गेला आणि त्याने मला लावून घेतलं; बाहेरून कुसुमताईंनी सवयीने पितळी कडी घातली.

त्याने हात उचलला. हात माझ्यापासून वीतभर लांब होता, तेव्हा दोन थापा पडल्या.

गंगारामने हात मागे खेचला. दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि ओठ हलत होते. बाहेर पदर सळसळला. कुसुमताई हात पुसत होत्या.

समुद्राचा आवाज येत होता, तोही मग ऐकू येईनासा झाला. माझ्या डागावर हळूहळू वजन आलं. इतक्या वर्षांनी मला पुन्हा कपाळ टेकलेलं कळलं. थंडगार होतं.

तिसरी थाप पडली.

कुसुमताईंनी बाहेरची कडी काढली. दारात गंगाराम उभा होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून आत होती. “आलात?” त्या म्हणाल्या. “हातपाय धुवा, पानं घेतलीयेत.” आणि वाट द्यायला त्या बाजूला सरकल्या. गंगारामसुद्धा सरकला. कुणी अंगाला घासून पुढे गेलं की माणूस सरकतो, तसा.

सगुणाने ओटीवरच पानं मांडली. कुसुमताईंनी आणखी एक पान मांडायला लावलं आणि गरम भात नि कुळथाची पिठी पोटभर खाल्ली. मधूनच त्या शेजारच्या रिकाम्या पानावर आग्रहाने भात वाढत होत्या.

ऋजुता रडत रडत म्हणाली, “काका, हुबेहूब वाजवलंत.”

“जेवल्या ना? झाला तर,” गंगाराम म्हणाला.

निघताना कुसुमताई रिक्षात आधी बसल्या. मग कडेला सरकल्या, ऋजुताला दुसऱ्या कडेला बसायला सांगितलं. मधली जागा मोकळी ठेवून रिक्षा चढावाने निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर गंगाराम बायकोला म्हणाला, “सगुणा, मी हात नाय लावला गो.”

“ठावं हाय,” ती खरकटं गोळा करत म्हणाली. “तुमचे दोनी हात मला चुलीकडनं दिसत होते.”

त्यानंतर थापा बंद झाल्या. डागावरचं लाकूड कोरडं, पांढरं पडलं. श्रावणात ऋजुताचा फोन आला. कुसुमताई गेल्या. शेवटपर्यंत नीट जेवत होत्या, म्हणाली.

आता माझंही संपत आलंय. खालून वाळवी लागलीय. गंगारामच्या मुलाने मुंबईहून लोखंडी दरवाजा पाठवलाय, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओटीवर उभा आहे. मला न्हाणीच्या चुलीत घालणार आहेत. त्याचं वाईट वाटत नाही. फणस चांगला जळतो.

माझं मागणं एवढंच आहे. मला काढल्यावर आणि नवा बसवायच्या आधी थोडा वेळ चौकट रिकामी राहील. सगुणा, तेवढा वेळ चौकटीत कुणाला उभं राहू देऊ नकोस. वाट मोकळी ठेव. मागच्या काळोखात एकटे श्रीपतीच उभे होते, असं मला कधीच वाटलं नाही.